स्टिल वेक्स द डीप : राक्षस राहू द्या, रिग बघा

समुद्रातल्या तेलाच्या रिगवर घडणाऱ्या 'स्टिल वेक्स द डीप' या भीतीदायक व्हिडिओ गेमची जेवढी परीक्षणं वाचली, त्यातल्या बऱ्याच जणांनी पिवळ्या रंगाबद्दल कुरकुर केली आहे. जिथे चढायचं, जिथून उडी मारायची, जी कड धरून लोंबकळायचं, ती प्रत्येक जागा गेमने पिवळ्या रंगाने रंगवून ठेवली आहे. मग वाट शोधायला उरतंच काय, आणि वाट आयती मिळाल्यावर भीती कसली, असं त्यांचं म्हणणं. हल्ली कितीतरी गेममध्ये हा पिवळा पट्टा असतो आणि खेळणारे त्याला विटलेत, हे मला भाच्याने सांगितलं. ठीक आहे. पण या एका गेममध्ये पिवळा रंग नसता, तर मी पहिल्या दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला असता. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर रेलिंग पिवळं असतं. शिडीभोवतीचा पिंजरा पिवळा असतो. पायरीची पुढची कड पिवळी, डोकं आपटेल असा पाइप पिवळा-काळा. रात्रपाळीला, पावसात, अर्धवट झोपेत माणसाला पाऊल कुठे टाकायचं ते न विचारता कळावं, एवढ्यासाठी तो रंग असतो. शहाण्या माणसासाठी नसतोच तो, घाबरलेल्या माणसासाठी असतो.

मी इलेक्ट्रिशियन. मुंबई हायकडच्या प्लॅटफॉर्मवर ठेकेदारामार्फत बरीच वर्षं काढली. जुहूहून चॉपर, काही आठवडे वर, मग घरी, पुन्हा चॉपर. आता गुडघ्यांनी लोखंडी जाळीचे जिने नाकारलेत, म्हणून पनवेलजवळ जमिनीवरच्या प्लांटचं काम बघतो. गेमचा नाद भाच्यामुळे लागला. त्याच्याकडे एक्सबॉक्स आहे, आणि हा गेम वर्गणीवर गेम खेळायला देणाऱ्या 'गेम पास'वर पहिल्या दिवसापासून होता. "मामा, तुझ्या नोकरीवर गेम आलाय, फक्त त्यात भुतं आहेत," म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडेही होती, आम्ही त्यांना प्रोजेक्ट मॅनेजर म्हणायचो.

आधी गेमची ओळख. ब्रायटनच्या द चायनीज रूम या स्टुडिओने तो बनवला आणि सीक्रेट मोडने 18 जून 2024 ला बाजारात आणला. हा स्टुडिओ तोवर लढाईच्या गेमसाठी ओळखला जात नव्हता. आधीच्या त्यांच्या गेममध्ये माणूस चालतो, बघतो, ऐकतो, आणि गोष्ट उलगडत जाते. इथेही हातात बंदूक नाही. काळ 1975 चा नाताळ, जागा स्कॉटलंडजवळच्या समुद्रातली 'बेरा डी' नावाची तेलाची रिग, आणि आपण कॅझ मॅकलिअरी नावाचा इलेक्ट्रिशियन. पबमध्ये मारामारी करून, पोलिसांना चुकवून तो इथे येऊन राहिलाय. बायकोचं रागाचं पत्र खोलीत पडलंय. सुरुवातीलाच साहेबाचा, म्हणजे रेनिक नावाच्या मॅनेजरचा, बोलावा येतो आणि कॅझची नोकरी जाते. सामान उचल, हेलिडेकवर जा, चॉपर तयार आहे. तेवढ्यात खाली ड्रिल कशालातरी लागतं. ते 'काहीतरी' पाइपांतून, भिंतींतून वर चढायला लागतं आणि माणसांना धरून त्यांचं भलतंच काही करून टाकतं. उरलेला गेम म्हणजे रिग मोडत असताना कॅझने इथून तिथे जाणं, काहीतरी चालू करणं, काहीतरी बंद करणं, आणि लपणं.

18 जून ही तारीख ओळखीची वाटली म्हणून आठवून बघितलं. 1975 साली त्याच दिवशी ब्रिटनच्या उत्तर समुद्रातलं पहिलं तेल टँकरमधून किनाऱ्यावर उतरलं, आणि ऊर्जामंत्री टोनी बेन यांनी झडप फिरवली. मुद्दाम साधलंय की योगायोग, ते स्टुडिओलाच ठाऊक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोर्टीज तेलक्षेत्राचं उद्घाटन राणीच्या हस्ते झालं. आपल्याकडे सागर सम्राट या रिगने मुंबई हायला तेल शोधलं ते फेब्रुवारी 1974 मध्ये, आणि उत्पादन सुरू झालं 1976 ला. म्हणजे बेरा डीवरचे हे लोक आणि आमच्या क्षेत्रातली पहिली पिढी एकाच वेळी समुद्रावर होती. मी कामाला लागलो तेव्हा त्या पिढीतले शेवटचे लोक निवृत्त होत होते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या रिगवर जेवणाच्या टेबलावर ॲशट्रे असायचे. गेममध्येही आहेत.

आता मतांकडे येतो. समीक्षकांचे आकडे एकत्र केले तर शंभरात 75 च्या आसपास पडतात. नापास नाही, डोक्यावरही घेतलेला नाही. वाचत गेलं की कळतं की सगळे जवळपास एकच गोष्ट बोलतायत, फक्त वजन वेगळीकडे टाकतायत. रिग अफलातून उभी केली आहे, अभिनय पहिल्या दर्जाचा आहे, आवाज अंगावर येतो, यावर वाद नाही. तक्रारी अशा : एकच वाट आहे, डावीकडे-उजवीकडे जायची सोय नाही. लपाछपी सोपी आहे. राक्षस पहिल्यांदा दिसतो तेव्हा घाबरवतो, नंतर त्याची सवय होते. पाच-सहा तासांत संपतो. खेळणाऱ्यांचं मत समीक्षकांपेक्षा थोडं मायेचं दिसतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर कौतुकाचंच पारडं जड आहे, आणि ज्यांनी शिव्या घातल्यात त्यांनी बहुधा पूर्ण किमतीत घेतला होता. 'हा गेम नाही, चालायला लावलेला सिनेमा आहे' हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटतं.

माझं मत असं की हा राक्षसांचा गेम म्हणून मधलाच आहे. अपघाताचा गेम म्हणून याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मी बघितलेलं नाही. ज्यांनी तो पहिल्या मापाने मोजला त्यांनी 75 दिले, आणि त्या मापाने ते बरोबरच आहेत.

खेळताना मला पहिल्यांदा घाम फुटला तिथे राक्षस नव्हता. धक्का बसून गेलाय, रिग एका बाजूला कललीय, वारा सुटलाय, आणि कॅझला बाहेरच्या बाजूने एक तुटकी वाट पार करायची आहे. पायाखाली ग्रेटिंग. ग्रेटिंग म्हणजे लोखंडी जाळी, तिच्यातून खालचं पाणी सरळ दिसतं. नवीन पोरं पहिल्या दिवशी त्याच्यावरून चालताना रेलिंगला चिकटून चालतात, चौथ्या दिवशी त्याच जाळीवर उभं राहून विडीच्या गप्पा मारतात. कॅझ जाळीवर पाऊल टाकतो, तिचा एक पत्रा सुटतो, आणि तो खाली बघतो. तुम्हाला खाली बघायला लावतो. शिडी चढताना कंट्रोलरचा ट्रिगर धरून ठेवावा लागतो, हात निसटला की दोन्ही ट्रिगर पटकन दाबायचे. भाचा म्हणाला हे जुनाट झालंय, सगळे गेम हेच करतात. करत असतील. माझी बोटं नंतर दुखत होती, कारण मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावून दाबत होतो.

आवाजाचं तर काय सांगू. प्लॅटफॉर्मवर माणूस झोपतो तो गोंगाटात. जनरेटर, कॉम्प्रेसर, पंप, एसीचे डक्ट, सगळ्यांचा मिळून एक घूंकार चालू असतो आणि दोन दिवसांत तो ऐकू यायचा बंद होतो. तो थांबला की मात्र अख्खी राहण्याची इमारत एका क्षणात जागी होते. कोणी उठवावं लागत नाही. गेम बनवणाऱ्यांना हे कोणीतरी सांगितलेलं आहे. सुरुवातीला, सगळं ठीक असताना, त्या घूंकाराचा थर मागे सतत आहे. मग तो जातो. त्याच्या जागी लोखंड वाकल्याचा आवाज येतो, लांबून, खालून, पायांतून. पार्श्वसंगीत जेसन ग्रेव्हज यांचं आहे आणि चांगलं आहे, पण मी सेटिंगमध्ये जाऊन ते कमी केलं आणि नुसती रिग ऐकली. जमलं तर तसं करून बघा.

आतल्या बाजूच्या खोल्याही बघत बघत जा, पळू नका. कपड्यांच्या हुकांखाली साचलेलं पाणी, वापरून काळे झालेले दरवाजांचे हँडल, गॅलीत, म्हणजे स्वयंपाक-जेवणाच्या जागेत, टांगलेल्या नाताळच्या कागदी माळा, कोणाच्या तरी बंकशेजारी चिकटवलेला घरचा फोटो. संपाच्या, युनियनच्या गोष्टी भिंतीवर आहेत आणि गप्पांतही. कामगार मॅनेजरबद्दल बोलतात ते हसत हसत, पण त्यातला विखार खरा आहे. हे लोक एकमेकांना कंटाळलेत आणि एकमेकांवाचून त्यांचं चालत नाही, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. जेवणाच्या हॉलमधला तो प्रवेश मी दोनदा खेळलो. कोणी कोणाला काय टोमणा मारला ते ऐकायला.

आणि इथे अभिनयाचं बोललं पाहिजे. एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा या संस्थेच्या गेम पुरस्कारांत याला तीन बक्षिसं मिळाली : कॅझचा आवाज देणाऱ्या ॲलेक न्यूमन यांना प्रमुख भूमिकेसाठी, फिनली ही इंजिनिअर उभी करणाऱ्या कॅरेन डनबार यांना सहायक भूमिकेसाठी, आणि एक नव्या कल्पनेचा गेम म्हणून. डनबार स्कॉटलंडमध्ये विनोदी नटी म्हणून घराघरात माहीत आहेत, आणि तिकडच्या लोकांना तो आवाज एवढ्या अंधारात ऐकून कसं वाटलं असेल याचं मला कुतूहल आहे. न्यूमनचं काम जास्त कठीण. कॅझ बहुतेक वेळ एकटा आहे, आणि एकटा माणूस जे करतो ते तो करतो : स्वतःशी पुटपुटतो, देवाला शिव्या देतो, मग त्याच देवाला विनवतो, धापा टाकतो. शिव्या भरपूर आहेत, लहान मुलं घरात असतील तर हेडफोन लावा. बोली ग्लासगोकडची, भराभर, अर्धे शब्द गिळलेले. सबटायटल चालू ठेवले तरी काही वाक्यं सुटतात. सुटू द्यावीत. आमच्या गॅलीत एका टेबलावर मल्याळी, बंगाली, तेलुगू आणि मुरूडचे कोळी बसायचे. प्रत्येकाचं प्रत्येकाला कळायचं असं नाही, पण कोण वैतागलाय आणि कोण घाबरलाय ते कळायचंच. गेममध्ये स्कॉटिश गेलिक भाषेचा पर्यायही दिला आहे, हे मला फार आवडलं. आपल्याकडच्या स्टुडिओंनी याची नोंद घ्यावी.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहितोय तो भाग.

काही समीक्षकांना रेनिक हा मॅनेजर एकसुरी वाटला. ओरडणारा, पैशाकडे बघणारा, धोक्याची सूचना धुडकावून ड्रिल चालू ठेवायला लावणारा साहेब. ठरावीक खलनायक. मला तो एकसुरी वाटला नाही, कारण तेलाच्या क्षेत्रातले मोठे अपघात उघडून बघितले की तिथे क्वचितच कोणी दुष्ट सापडतो. सापडते ती घाई, आणि एक कागद जो योग्य माणसापर्यंत पोचला नाही. पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मचं उदाहरण आम्हाला प्रत्येक सेफ्टी ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. 6 जुलै 1988, उत्तर समुद्र, 167 माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी नुसतं झाकण बसवलं होतं. त्याचं परमिट, म्हणजे कामाच्या परवानगीचा कागद, रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोचलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप तयार आहे असं समजून चालू केला, आणि स्फोट झाला. एवढंच. त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने 106 शिफारशी केल्या, आणि आज मी साधा दिवा बदलायचा तरी परमिटवर सही घेतो ती त्या परंपरेतून आलेली आहे.

आपल्याकडचं उदाहरण 27 जुलै 2005 चं, मुंबईत महापूर झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मजवळ समुद्र सुरक्षा या जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली होती, पावसामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं, म्हणून त्याला जहाजावरून प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. लाटांनी जहाज ढकललं आणि ते रायझरवर, म्हणजे समुद्रतळातून तेल-वायू वर आणणाऱ्या नळांवर, आदळलं. साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. 22 लोक गेले. सुरुवात एका माणसाच्या बोटापासून झाली होती, आणि त्याला मदत करण्यापासून. हे आमच्यापैकी कोणी विसरत नाही.

म्हणून बेरा डीवरचा जो क्षण बाकीच्यांना 'राक्षस येण्याआधीची तयारी' वाटला, तो मला गेमचा गाभा वाटला. खालून कळवलंय की काहीतरी बरोबर नाही. वरून हुकूम आलाय की चालू ठेवा. मधे उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघतात आणि कामाला लागतात, कारण पगार आहे, नाताळ आहे, घरी पैसे पाठवायचे आहेत. त्या काळाचा कायदाही बघा. 1965 च्या डिसेंबरमध्ये, नाताळनंतर दोनच दिवसांनी, सी जेम नावाची रिग उत्तर समुद्रात कोसळून 13 जण गेले, तेव्हा कुठे 1971 ला समुद्रातल्या रिगसाठी कायदा झाला. कामगारांच्या सुरक्षेचा ब्रिटनचा मोठा कायदा 1974 चा, पण तो समुद्रातल्या कामाला लागू झाला 1977 ला. 1975 च्या नाताळात कॅझ आणि त्याचे सोबती या दोन तारखांच्या मधल्या फटीत उभे आहेत. गेम हे कुठेही बोलून दाखवत नाही, पण वर्ष उगाच निवडलेलं नाही.

इलेक्ट्रिशियन म्हणून माझ्या तक्रारी आहेत, त्या पण घ्या. कॅझ एकदाही काही आयसोलेट करत नाही, म्हणजे कामाआधी वीज तोडत नाही. पाण्यात उभं राहून ब्रेकर चढवतो. पॅनल उघडताना टेस्टर लावत नाही. कुठलंही कुलूप दिसलं की स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतो. आमच्याकडे काम चालू असताना कोणी वीज जोडू नये म्हणून लावलेल्या कुलपाला माझं नाव असतं, आणि ते तोडणाऱ्याला पुढच्या चॉपरने घरी पाठवतात. भाचा म्हणाला, "मामा, मागे राक्षस लागलाय त्याच्या." लागला असेल, पण 440 व्होल्टला त्याच्याशी काय देणंघेणं? बाकी जनरेटर चालू करणं, रिगच्या पाण्याने भरलेल्या पायात उतरून व्हॉल्व्ह फिरवणं, या कामांचा क्रम बराचसा पटण्यासारखा आहे. एक काम झालं की त्याने दुसरं बिघडतं. दुरुस्तीत तसंच होतं.

एकच वाट असल्याची तक्रार मी निम्मी मान्य करतो. खऱ्या प्लॅटफॉर्मवर वाटा कमीच असतात, आणि आग लागली की त्यातली एकच उरते. दोन जिने, मधे एक गल्ली, टोकाला लाइफबोट. त्यामुळे गेम मला हाताला धरून नेतोय असं वाटलं नाही. पण जे लोक म्हणतात की चुकीच्या दाराने गेलो तरी काही फरक पडत नाही, ते खरंच आहे. दारं बहुतेक बंदच आहेत. आणि पिवळ्या रंगाच्या बाबतीतही त्यांचं एक बरोबर : रेलिंग पिवळं समजू शकतो, पण जिथे कुठलाही कामगार कधी पाय ठेवणार नाही अशा बाहेरच्या पाइपाच्या कडेवर तो पट्टा कोणी आणि कशाला मारला? पेंटिंगचा ठेकेदार एवढा प्रामाणिक मी तरी पाहिलेला नाही.

राक्षसांचं थोडक्यात. ते तुमचेच सहकारी आहेत, वाढलेल्या मांसाचे, लांबलेल्या हातापायांचे, आणि तोंडातून जुनाच आवाज येतो. नाव घेऊन हाक मारतात, रडतात, जुनी भांडणं उकरतात. ही कल्पना चांगली आहे आणि पहिल्या एक-दोन वेळा खरोखर पोटात गोळा येतो. पडद्याच्या कडेला पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाचे रंग सरकायला लागतात, तेही छान. पण त्यांच्यापासून वाचण्याची रीत बदलत नाही : वाका, बाकाखाली किंवा कपाटात शिरा, दुसरीकडे काहीतरी फेका, तो तिकडे गेला की निघा. पाठलागाच्या जागा तर ठरवून आखलेल्या आहेत, मागे बघण्याचं बटण दिलंय पण बघायची गरज पडत नाही. मेलात तर थोडं मागून पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा तोच राक्षस त्याच कोपऱ्यातून आला की तो सहकारी राहत नाही, अडथळा होतो. ज्यांना भयपटाच्या गेममध्ये डोकं चालवून जगायचं असतं, गोळ्या मोजायच्या, औषध वाचवायचं, त्यांनी इकडे येऊ नये. इथे मोजायला काही नाहीच. या अर्थाने 'सर्व्हायव्हल' हा शब्द याला थोडा मोठा होतो.

रॉय या स्वयंपाक्याबद्दल वेगळं लिहायला हवं होतं, पण त्याच्याबद्दल काहीही सांगितलं की गोष्ट फुटते. एवढंच सांगतो की तो मधुमेही आहे, त्याला इन्सुलिन लागतं, आणि सगळ्या गेममध्ये राक्षसांपेक्षा जास्त काळजी मला त्या औषधाची वाटली. आमच्या वेळी मेडिकल फिटनेसमध्ये साखर जास्त निघाली की चॉपरमध्ये बसू देत नसत, त्यामुळे लोक तपासणीच्या आधी काय काय युक्त्या करायचे ते इथे न लिहिलेलं बरं.

घ्यायचा का? गेम पासवर असेल तेव्हा डोळे मिटून घ्या. नसेल तर सवलतीची वाट बघा, पाच-सहा तासांसाठी पूर्ण किंमत मोजणं माझ्याही जिवावर येईल. दृश्यं जड आहेत, अनरियल 5 या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलाय, त्यामुळे जुन्या ग्राफिक्स कार्डवर हट्ट धरू नका. सलग एका बैठकीत खेळू नका, दोन-तीन रात्रींत वाटून घ्या, नाहीतर राक्षसांची पुनरावृत्ती जास्त टोचते. घरातलं कोणी ऑफशोअरला असेल तर तो वर असताना खेळू नका. माझ्या बायकोने दारातून पाच मिनिटं बघितला आणि म्हणाली, "एवढी वर्षं तू म्हणायचास की वर नुसतं जेवण आणि झोप असते." त्यावर मी व्हॉल्यूम कमी केला.

एक वर्षाने, 18 जून 2025 ला, याचा 'सायरन्स रेस्ट' नावाचा विस्तार आला. त्यात 1986 साल आहे आणि पाणबुड्याचं काम करणारी एक स्त्री समुद्रतळावरच्या अवशेषांत उतरते. रिगवरची माणसं गेली आहेत, त्यामुळे ज्या गप्पांवर मूळ गेम उभा होता त्या इथे नाहीत. पाण्यातला अंधार चांगला केलाय, कटिंग टॉर्चचं काम मजेचं आहे, पण लवकर संपतो. मूळ गेम आवडला आणि सवलत लागलेली दिसली तरच घ्या.